नाव घेऊन हाक

धुकं असं उतरलं की कौशल्येला नातीचा हात हाताला लागत होता, पण नात दिसत नव्हती.

"आजी, आबाजी कुठी आहेत?"

"आहेत ना वं, तिथीच. दगडावर बसून चहा पिऊन राहिले."

पण 'तिथीच' म्हणजे कुठं, हे आता तिलाही कळेना. नागपुरात शेहेचाळीस डिग्री ऊन तापत होतं, म्हणून इतवारीतलं भांड्यांचं दुकान बंद ठेवून तिच्या नवऱ्यानं, देवरावानं, सगळं घर शिमल्याच्याही वर आणून सोडलं होतं. थंडीत इथं लोक पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात म्हणे. मे महिन्यात नुसता हिरवा उतार होता, आणि घसरून आलेल्यांना परत वर ओढणाऱ्या दोराचे लोखंडी खांब. सुनेला घाटात गाडी लागली, म्हणून ती आणि मुलगा रवींद्र गावातल्या हॉटेलात पडून होते. सहा वर्षांच्या देवकीला मात्र बर्फ पाहायचाच होता. एका खडकाआड परातीएवढा मळका बर्फ उरला होता. तो दाखवायला कौशल्या तिला घेऊन चार पावलं वर गेली, आणि मागं वळली तर मागं काही उरलंच नव्हतं.

उताराच्या डाव्या अंगाला दरी होती. सकाळी घोडेवाल्यानं तिच्यात दगड टाकून दाखवला होता. पडल्याचा आवाज आला नव्हता.

"हात सोडशील त पाहा," कौशल्या म्हणाली.

बऱ्याच वेळानं हाक आली.

"कौशल्याऽऽ!"

देवकी हरखली. ओरडायला तिनं तोंड उघडलं, तोच कौशल्येनं त्या तोंडावर हात दाबला.

आवाज देवरावाचाच होता. पण तीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं बायकोचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. 'अवं' म्हटलं की काम भागायचं. फारच माणसं जमली असली तर 'रवींद्रची माय'. तिनंही लग्नातला उखाणा सोडला तर त्याचं नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं. एकाहत्तरच्या शिरगणतीला मास्तरानं विचारलं, तेव्हा शेजारच्या इंदूबाईला भिंतीवरून बोलावून तिच्या तोंडून सांगवलं होतं.

मग हे कोण?

कोण, ते तिला बरोबर ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मौद्याकडच्या शेतातून येताना, देवरावानंच बजावलं होतं. "रानात चकवा राह्यते. आपल्याच मानसाचा आवाज काढते. न दिसनाऱ्यानं बलावलं त ओ देजो नको. जीव गेला तरी." त्याच्या धोंडबाकाकानं एकदा ओ दिली होती. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा तोंडात माती भरलेली, आणि तरी हसत होता. ही गोष्ट सांगताना देवरावाच्या अंगावर अजून काटा यायचा.

"कौशल्याऽऽ! ओ दे!"

चकव्यानं आवाज हुबेहूब उचलला होता. घरची रीत तेवढी त्याला कोणी सांगितली नव्हती.

"आजी, आबाजीच आहेत," बोटांच्या फटीतून देवकी पुटपुटली.

"चूप! तुह्या आबाजीनं माहं नाव घेतलेलं आयकलं काय कधी?"

देवकीनं विचार केला. मान हलवली. आणि मग तिनं आजीचं लुगडं घट्ट धरलं.

हाक जवळ आली. इतकी जवळ, की दगडांवर घासणाऱ्या चपला ऐकू आल्या. कौशल्या नातीला पोटाशी घेऊन ओल्या गवतात बसली आणि पदराचा बोळा तिच्या तोंडात कोंबला. हाक समोरून गेली. थांबली. कापऱ्या आवाजात आणखी एकदा झाली, आणि डावीकडं सरकत गेली.

कितीतरी वेळानं कौशल्या उठली. चाचपडता चाचपडता हाताला गार लोखंड लागलं. खांब! त्याला उन्हाळ्यात सैल सोडलेला दोर लोंबत होता. तो धरून, बसत, घसरत दोघी उताराच्या बुडाशी आल्या. तिथं घसरायच्या पट्ट्या ठेवायची लाकडी खोली होती. दारात शेगडी घेऊन म्हातारा चौकीदार बसला होता.

"आ गईं माताजी! घोड़ेवाले सब नीचे ढूँढने गए हैं आपको."

कौशल्येनं नातीला शेगडीपाशी बसवलं. जिंकून आल्यासारखा तिनं श्वास सोडला. "और ये? ये कहाँ हैं?"

"बाबूजी? वो तो ऊपर गए." म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "पहले सिर्फ 'अवं, अवं' करते रहे. मैंने कहा, बाबूजी, इस धुंध में अवं-अवं कौन सुनेगा? नाम लेकर बुलाओ. बहुत शरमाए. पर फिर ऐसा पुकारा माताजी, कि पहाड़ हिल गया!"

शेकायला पुढं केलेले हात कौशल्येनं मागं घेतले.

"किस तरफ गए?"

"आवाज तो खाई की तरफ से आ रही थी."

ती दारात धावली. "अहो! अवो, आयकता काय?"

धुक्यानं तिचा आवाज पायरीवरच गिळला.

"नाम लो, माताजी, नाम!"

कौशल्येनं देवकीकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, डोळे मिटले, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली.

"देवरावऽऽ!"

वर कुठंतरी दगडांवरच्या चपला थबकल्या.

"देवरावऽऽ! मी आहो! ओ द्या!"

मग चपला पुन्हा वाजल्या. जीव घेऊन पळणाऱ्या, तिच्यापासून लांब, दरीकडं.