पान नऊ

"तबक तुम्ही धरायचं, मावशी," तनुजा म्हणाली.

छबूबाईने तिच्याकडे असं बघितलं, की तबकातला हार जागीच सुकावा. "माझं पान काढलंस ते काढलंस. आता त्या शेठच्या म्होरं तबक धराया बी मीच घावले व्हय?"

स्टेजमागे दोघीच होत्या. पुढे हॉल भरला होता. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या बायका, चाकणहून आलेली पोरं, दिघीचे दोन-चार निवृत्त फौजी. गुरुवार होता, एमआयडीसीच्या सुट्टीचा वार. वर्षभर ही माणसं दर गुरुवारी पाण्याच्या टाकीखाली जमून आपलं लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवत होती. म्हणून मासिकाचं नावही 'गुरुवार'. आज त्याचा पहिला अंक निघणार होता.

निघणार होता तो गणराज शेठच्या हातून. हॉल त्याचा, खुर्च्या त्याच्या, छपाई त्याची. बदल्यात त्याने दोनच गोष्टी मागितल्या. मागच्या पानावर त्याचा रंगीत फोटो. आणि पान नऊ रद्द.

पान नऊ छबूबाईचं होतं.

गेल्या साली गणराज शेठच्या, पत्र्याचे नग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. पण नग वाढायला हवे होते, म्हणून सुपरवायझरने एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र चढलं, 'घरी कडबा कुट्टीत हात गेला.' दहा बाय दहाची पत्र्याची खोली, आणि तिच्यात गुरांचा चारा कापायची कडबा कुट्टी! लिहिणाऱ्याला लाज नव्हती आणि लिहायला लावणाऱ्याला तर त्याहून नव्हती.

छबूबाई चौथी शिकलेली. डाव्या हातात पेन धरायला शिकली आणि ती हकिगत तिने अकरा वेळा लिहून काढली. टाकीखाली वाचली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नीट ऐकू यावं म्हणून चहावाल्याने स्टोव्ह तेवढा बंद केला. आता त्याच प्रेसवर तिची लेक सायली उभी राहत होती. चिकटपट्टी तशीच होती.

शेठचा माणूस छापखान्यात ठाण मांडून आतलं पान न् पान तपासून गेला. मागचा फोटो मोबाईलवर पाठवून त्याने शेठचा होकारही घेतला. अंक तनुजा काढत होती, पण तिने हूं की चूं केलं नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेली, एका खराब नगापायी अख्खा लॉट परत धाडणारी ही पोरगी. तिने मान खाली घातली, हे छबूबाईला बोटांपेक्षा जास्त लागलं होतं.

"तुझ्यापरीस शेठ बरा," ती म्हणाली. "त्यो निदान तोंडावर न्हाई म्हनला."

"बोला, बोलून घ्या. पण कागद फाटेपर्यंत थांबा, मावशी. मग तुमची मर्जी."

छबूबाईने चकचकीत कागदात गुंडाळलेल्या अंकाचं तबक उचललं. तनुजाच्या शब्दासाठी नव्हे. तिने मनाशी पक्कं केलं होतं. वर जायचं, शेठच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, माईक हिसकावायचा आणि पान नऊ बोलून दाखवायचं. अकरा वेळा लिहिलेलं तोंडपाठ होतं. लेकीचं काम गेलं तर दुसरं मिळेल. बोटं दुसरी मिळत नाहीत.

स्टेजवर त्यांच्यातलाच प्रज्वल माईकवरून शेठच्या पदव्या वाचत होता. उद्योजक, समाजसेवक, साहित्यप्रेमी. शेठने तबकामागचा चेहरा ओळखला. क्षणभर गडबडला, मग हसला.

"काय छबूबाई, बरं हाय ना समदं?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "लिव्हा, लिव्हा. पन चांगलं लिव्हा. देवाधर्माचं, पावसापान्याचं."

"लिव्हलंय," छबूबाई म्हणाली.

फोटोग्राफर पुढे सरसावला. असल्या कार्यक्रमांत शेठचा हात बसलेला होता. हात कामावर, नजर कॅमेऱ्यावर. चकचकीत कागद टर्रकन फाटला.

छबूबाईची नजर तबकात होती.

अंकावर फूल नव्हतं, लेखणी नव्हती, उगवता सूर्यही नव्हता. पांढऱ्या मुखपृष्ठावर वरपासून खालपर्यंत नुसती काळी ठळक अक्षरं होती. तिने एकेक शब्द लावत वाचलं. 'माझ्या घरी म्हैस नाही. मग कडबा कुट्टी कुठून आली? माझी दोन बोटं गणराज शेठच्या प्रेसखाली गेली.' खाली तिचं नाव होतं. पुरतं, आडनावासकट.

शेठने अंक उचलून छातीशी धरला, मुखपृष्ठ लोकांकडे करून. एकदा खाली बघून खात्रीही करून घेतली. त्याच्या बाजूला मागचं पान होतं आणि त्यावर तो स्वतः हसत होता. तोही हसला.

हॉलमधली कुजबुज थांबली. पहिल्या रांगेतल्या बायका ओठ हलवत वाचू लागल्या. मग दुसरी रांग. मग मोबाईल वर झाले, एक, चार, पन्नास. विंगेत तनुजा भिंतीला टेकून उभी होती. तिची मान आता ताठ होती.

फोटोग्राफरला शेठच्या चेहऱ्यापलीकडे काही दिसत नव्हतं. "शेठ, अंक जरा वर घ्या!"

शेठने अंक आणखी वर धरला.

"हां, असाच. मावशी, तुमचा हात बाजूला घ्या, फोटोत येतोय."

छबूबाईने तबक डाव्या हातात घेतलं. उजवा हात अंकाला लावून धरला आणि उरलेली तीन बोटं ताठ पसरली.

"येऊ दे," ती म्हणाली.