साठाच्या वरचा हादरा

"पन्नासपर्यंत गाय, अन् साठावर गेली की उधळलेली म्हैस!" दौलतराव जिनवाल्यांनी आपल्या काळ्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर थाप मारली. "वाशीमच्या मिस्त्रीनं हात टेकले. तू आज बरी केली तं कापसाच्या जिनातले तिन्ही ट्रक दुरुस्तीले तुयाकडं. नाही तं गाडीबी अकोल्याले अन् ट्रकबी अकोल्याले."

मालेगावच्या फाट्यावर चार टिनांच्या छपराखाली बसणाऱ्या इंद्रभान मिस्त्रीला तीन ट्रक म्हणजे लॉटरीच. पण घाबरेल तो इंद्रभान कसला! पंचक्रोशीत बोलबाला होता की, मेलेली मोटर त्याच्या दारात ढकलत नेली तर ती आधी पाणी मागते अन् मग पेट्रोल.

"जेवून या मालक," तो म्हणाला. "आचवेपर्यंत गाडी तयार असन."

दौलतराव गेले. गाडीपाशी राहिला त्यांचा ड्रायव्हर रामसिंग. बावीस वर्षांची नोकरी, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली साधी कोंबडी आली नव्हती. मालक मागून "दाब, दाब" म्हणून ओरडायचे, हा आपला शांत.

"चाला काका," इंद्रभान म्हणाला. "तुमी बाजूले बसा. नाडी मीच पायतो."

गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. पन्नासपर्यंत लोण्यावरून सुरी. काटा साठाला टेकला मात्र, आणि स्टिअरिंग हातात नाचू लागलं.

"हात हालून राह्यले, बूड नाही," इंद्रभान म्हणाला. "म्हंजे मागचं चाक साव. चोर पुढं हाय."

त्यानं गिअर काढून गाडी तशीच धावू दिली. इंजिन निवांत झालं, नाच चालूच. ब्रेकला नुसता पाय लावला, नाच वाढला नाही.

"इंजिनही सुटलं, ब्रेकही सुटला. आता चाकं राह्यली."

"धीरानं घ्या," रामसिंग म्हणाला. "आमराई सरली. आता पूल, अन् पुलामागं खड्डा."

खरंच पूल आला, मागोमाग खड्डाही.

"रस्ता तोंडपाठ हाय बापा तुमाले!"

"बावीस वर्सं झाली, भाऊ. आता पाहा लागत नाही."

इंद्रभान खूश झाला. असा माणूस सोबत असला की कामाला रंग चढतो. परत येऊन त्यानं हवा तपासली, नट आवळून पाहिले, टायरांवरून तळहात फिरवला. कुठं फुगा नाही, चीर नाही. मग पुढचा भाग जॅकवर उचलला.

डावं चाक हातानं फिरवलं. वाटेल तिथं थांबलं. उजवं फिरवलं. ते थांबता थांबता थोडं उलटं आलं आणि गप झालं. खालच्या बाजूला त्यानं खडूची रेघ मारली. पुन्हा फिरवलं, रेघ खाली. तिसऱ्यांदा फिरवलं, रेघ खालीच.

"पाहा काका! जड बाजू खाली जाते. व्याह्यासारखी, जिथं गादी तिथं जाऊन बसते!"

रामसिंग काही हसला नाही. "गाडी जुनी हाय, भाऊ. थोडं फार चालाचंच. मालकाले म्हना, पन्नासवरच ठेवा."

"काहून? माह्या नावाले बट्टा लावता काय?"

चाक उतरलं. इंद्रभाननं रिमच्या आतल्या बाजूला हात घातला आणि थांबला. तळहाताएवढी काळी माती, वाळून दगड झालेली. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू लागला तशी तिच्यावर उमटलेली चार बोटांची ओळ दिसली.

"नाल्यातनं लागली असन," रामसिंग म्हणाला.

"नाल्यातली माती काय चूल सारवल्यावानी बसते, काका? हे कोनंतरी मुद्दाम केलं. त्या वाशीमच्या मिस्त्रीचं काम असन. गाडी सारखी येत राह्यली पाह्यजे ना त्याच्याकडं! थांबा, मालकाले सांगतोच."

रामसिंगनं त्याचा दंड धरला. मघापासून तो पहिल्यांदाच हलला होता.

"नको भाऊ. गरिबाच्या पोटावर पाय येईन. लेकराबाळाचा असन तो. गाडी बरी झाली ना? बस."

दुश्मनासाठीसुद्धा रदबदली करणारा माणूस! इंद्रभानला गहिवरून आलं. "तुमी म्हंता म्हनून गप बसतो. काका, तुमच्यासारखे लोक आता राह्यले नाही."

दौलतराव ढेकर देतच आले. "झाली?"

"लोणी झाली मालक. शंभरावर न्या, मांडीवरचा चहाचा कप हालला तं ट्रक देऊ नका."

"चाल मंग! रामसिंग, बस." मालक मागं ऐसपैस पसरले.

"मिस्त्रीच चालवू द्या ना मालक," रामसिंग हळूच म्हणाला. "त्याईचा हात बसला हाय."

"अन् रोज काय मिस्त्री येईन अकोल्यापर्यंत? ड्रायवर तू हाय का तो? बस!"

रामसिंग बसला. इंद्रभान त्याच्या शेजारी. साठ. स्टिअरिंग थंड. सत्तर. ऐंशी. झाडं मागं पळू लागली.

"वा रे पठ्ठ्या!" मागून मालकांनी मांडीवर थाप मारली. "दाब रामसिंग, दाब! तिन्ही ट्रक तुये, इंद्रभान, उद्या सकाळीच पाठोतो!"

नव्वद. गाडी सुतासारखी. इंद्रभाननं छाती फुगवून पाठ सीटला टेकवली. आमराई गेली, पूल गेला, खड्डाही मागं पडला. पुढं नवा, सरळ रस्ता होता. रामसिंग किंचित त्याच्याकडं कलला आणि मागं ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"भाऊ, समोर जे मोठं काळं दिसून राह्यलं... ते उभं हाय, का येऊन राह्यलं?"