पथ्याची पाटी

खाजवून खाजवून पेढ्याने पोटावरचे केस पार घालवले, तेव्हा जगदीशकाका त्याला टॅक्सीत घालून कुत्र्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

"खाण्यातली ॲलर्जी वाटतेय, काका," तरुण डॉक्टर म्हणाली. "कशाची ते कळायला दोन महिने मी देते तेवढंच खाणं. बाकी बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि हा. पण याला भरवते अख्खी चाळ!"

आणि ते खरंच होतं. कामावर निघालेली संघमित्रा चपाती घेऊन दारात थांबायची, संध्याकाळी मीराबाई बोंबलाची डोकी आणायच्या, आणि पेढ्याचं चाटूनपुसून होईपर्यंत काकांशी चार गोष्टी व्हायच्या. आता एकेकाला कुठे सांगत बसणार? काकांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून दाराला लावलं: 'पेढ्याला ॲलर्जी आहे. कृपया काहीही खायला देऊ नये.'

चाळ गुणाची. कोणी काही दिलं नाही. लांबूनच पाटी वाचायची, पेढ्याला हात करायचा आणि गॅलरीतून पुढे निघायचं.

दीड महिन्यात पेढ्याच्या पोटावर मऊ लव आली, खाज थांबली. डॉक्टर खूश झाली. अजून पंधरा दिवस असंच चालू द्या, म्हणाली. घरी येऊन काकांनी हे सगळं पेढ्यालाच सांगितलं. त्याने जांभई दिली.

मग काकांनी पेन शोधलं आणि दारावरच्या पाटीवर खाली एक ओळ वाढवली.



'काकांना सगळं चालतं.'