हिरवी टेकडी

आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी चीनच्या एका खेड्याचा फोटो आला. गोल गोल हिरव्या टेकड्या अन् मधातून धुकं. पुण्यात नोकरीले असलेला माझा लेक सकलैन, जो माझ्या दहा मेसेजले एक अंगठा दाखवते, त्यानं त्या फोटोखाली चार ओळी लिहिल्या. म्हणे, असं हिरवं जन्मात पाह्यलं नाही, आठ दिवसांची सुट्टी टाकून इथं जाणारच. सूनबाईनं खाली लाल बदामांची रांग लावली.

मी मनात म्हटलं, वा रे बहाद्दर. चीनले जायले आठ दिवस भेटतात, अन् आपल्या गावाले, वरवट बकालले यायले याले दोन वर्षांपासून एक दिवस भेटून नाही राह्यला.

दुपारी मी काठी टेकत गावाबाहेर गेली. एका भिंतीवरून हात उंच करून मीही एक फोटो काढला अन् ग्रुपवर टाकून देला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

लगेच सकलैनचा जवाब आला, “अम्मी, ही टेकडी तर त्याहून भारी आहे. हे पण चीनमधलंच का?”

मले लिहिणं धड येत नाही. एकेक अक्षर हुडकून लिहिलं.



“चीन नोहे बाबू, तुह्या अब्बाची कबर हाये. आपल्यात बाया कब्रस्तानात जात नाहीत, नाही तर गवत मीच काढलं असतं.”