पावडी

एमआरआयची प्रतिमा तिसऱ्यांदा हलली आणि माझं डोकंच फिरलं. बाहेर सात पेशंट खोळंबलेले. “ओ मामा, किती वेळा सांगू? पाय हलवू नका!” आतून म्हातारा म्हणाला, “मी कुटं हलवलो?” वर खोटंही बोलतोय! मशीन थांबवलं, पाय बांधायला पट्टा घेऊन आत गेलो. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बायकोनं पट्टाच धरला. “बांधू नका. भवानी पेठेत चाळीस वर्षं हातमाग चालवलाय त्यांनी. तुमचं मशीन हातमागासारखं खटखटलं की उजवा पाय मागाखालची पावडी दाबल्यागत हलतोय.” “मग त्यांना आवरायला सांगा!” मी ओरडलो. तिनं काखेतली फाईल माझ्यापुढं उघडली. त्यात लिहिलं होतं: मज्जारज्जूचा बंद पडलेला रक्तपुरवठा ऑपरेशन करून सुरू केला. दोन महिने दोन्ही पाय लुळे. हालचाल अजून शून्य. माझ्या हातातला पट्टा लोंबकळत राहिला. “साहेब,” ती म्हणाली, “मशीन परत चालू करा की.”