साहेबांची मर्जी

लेकीने पिंजऱ्यात हात घातला, तसे साहेब काळवंडले आणि फांदीच्या पाठीमागे सरकले. एक डोळा मात्र आडून तिच्यावर रोखलेला राहिला.

"झालं दर्शन?" आई दारातून म्हणाली. "लांबूनच बघ त्याला. हातावर घ्यायचं खूळ कशाला?"

"बाबांच्या हातावर यायचे ना."

"यांची गोष्ट वेगळी होती."

साहेब म्हणजे बाबांनी निवृत्तीनंतर पाळलेला रंग बदलणारा सरडा. आईने त्याला कधी साहेब म्हटलं नाही. तिच्या लेखी तो सरडाच होता, आणि बाबा असताना ती त्या खोलीत नाक मुरडूनच शिरायची. बाबा गेले तेव्हा लेक धावत आली होती, पण या खोलीत पाऊल टाकायचा तिला धीर झाला नव्हता. आता ती मनाशी ठरवून आली होती: साहेबांना आपल्या घरी न्यायचं.

आई एवढी हटून बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"इथेच राहू दे. मी बघेन."

"तू? तू तर त्यांना शिवतही नाहीस."

"शिकेन." मग आईने अटच घातली. "जायच्या आधी हातावर आला, तर ने. नाही आला, तर विषय बंद."

लेक हसली. ती लहान मुलांची दातांची डॉक्टर होती. दवाखाना डोक्यावर घेणारी पोरं तिच्यापुढे मुकाट्याने आ करायची. एका सरड्याची काय कथा!

तिने बाबांचा तपकिरी स्वेटर अंगात चढवला आणि बाबांसारखी पिंजऱ्याशेजारी तिरकी बसून हलक्या आवाजात पेपर वाचू लागली. साहेब आणखीच काळे पडले. बाबांची आठवण येत असेल, तिला वाटलं. तिलाही येत होती.

"फोटोत बरेच मोठे दिसायचे गं."

"मध्ये खाणंच टाकलं होतं. वाळला." आईने पाण्याचा फवारा खिडकीत ठेवला. तिच्या सपातांचा आवाज झाला, की साहेबांचा एक डोळा गर्रकन दाराकडे वळायचा. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि तुझी पिंजऱ्यापर्यंत. चल, जेवून घे."

लेक उठली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. फोनवर बाबा सांगायचे, "साहेबांच्या मागच्या टाचेला बारीक काटा आहे. फक्त नरालाच असतो, अंड्यातून निघाल्यापासून. मिशीच समज. मनगटावर चढले की टोचतो. तो टोचला, की सही झाली!" ती दर वेळी 'पुढच्या सुट्टीत बघते' म्हणायची. सुट्ट्या येत गेल्या, बाबा गेले. ती सही तेवढी अजून मिळण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी खोलीत उकडत होतं. तिने स्वेटर काढून खुंटीला लावला. पेपरही बाजूला टाकला आणि दवाखान्यात नव्या पोराशी बोलावं तशी बोलू लागली. "बघ हं, हा माझा हात. काही करत नाही. इथेच ठेवते. तुला नको असेल तर राहू दे." हात फांदीच्या खाली, तळवा वर, त्यावर एक अळी. नजर दुसरीकडे.

काळेपणा हळूहळू ओसरला. पाठीवर हिरवा उमटला. लांब जीभ फटकन आली आणि अळी घेऊन गेली. तिने श्वाससुद्धा जपून घेतला. मग चिमट्यासारखं एक पाऊल तिच्या बोटावर पडलं, थरथरलं, टिकलं. दुसरं पडलं.

साहेब तळव्यावरून मनगटावर आले. तिचे डोळे भरले. तिने काटा टोचायची वाट पाहिली.

मागचे पाय मनगटावरून पुढे सरकले. काही टोचलं नाही.

तिने हात अलगद उजेडाकडे वळवला. एक टाच पाहिली, मग दुसरी. दोन्ही गुळगुळीत. ना काटा, ना तुटल्याची खूण.

"आई, यांची मिशी कुठे गेली?"

आई दारात उभी होती. ती आत आली नाही आणि परतही फिरली नाही.

"साहेब यांच्या मागोमागच गेले गं," ती म्हणाली. साहेब हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला. "तू फोन केलास की आधी त्यांचंच विचारायचीस. काय सांगणार होते तुला? दुकानात तेव्हा ही एकच होती. हळू धर हिला. हातावर यायच्या आधी मलाही हिने असंच झुलवलं."