सर्व अटी मान्य

तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर पडदा लख्ख उजळला.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

"चित्र आलं," मुलगी म्हणाली. "आवाज नाही."

"चित्र तू बघ. मला ते तुझ्या डोळ्यांच्या उधारीवरच आहे."

बाबांना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. वर्तमानपत्र आई वाचून दाखवायची. वाचायची छान, पण तिला न पटलेले परिच्छेद ती गाळायची आणि अग्रलेखाचा शेवट आवडला नाही तर स्वतःचा करायची. जन्मभर खालच्या कोर्टात न्यायाधीश राहिलेल्या माणसाला हे फार लागायचं. "माझ्यासमोर अर्धाच पुरावा येतोय," ते म्हणायचे. "उरलेला तुम्हाला झेपायचा नाही," आई म्हणायची.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाबांनी एका संगणकातल्या बाईचा आवाज ऐकला. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचणारा. तसे आवाज इतरही होते, पण ते सगळे समन्स बजावल्यासारखे बोलत. हा आवाज एका बड्या कंपनीच्या प्रणालीत होता. प्रणाली फक्त त्याच कंपनीच्या संगणकावर चालायची, आणि त्या संगणकाची किंमत ऐकून बाबा म्हणाले होते, की एवढ्यात वाचायला माणूस ठेवता येईल, आणि तोही गाळेल.

म्हणून गेले काही रविवार जेवणाच्या टेबलावर एक लोखंडी पेटी उघडी पडली होती. मुलगी दातांची डॉक्टर. अरुंद, अंधाऱ्या जागेत काम करायची तिला सवय होती. भंगारातली पेटी, कोणीतरी वापरून टाकलेलं ग्राफिक कार्ड, आणि एकमेव नवी वस्तू म्हणजे मदरबोर्ड. दातांचा आरसा आत घालून ती वायरी तपासायची आणि मधूनच पेटीला म्हणायची, "जरा मोठा आ करा." कंपनीची प्रणाली असल्या घरी जुळवलेल्या पेटीवर चालवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मंच होता. तिथे प्रत्येक अडचणीला एकच उत्तर मिळायचं: माझ्याकडे चालतंय.

हे कायद्यात बसतं का, असं बाबांनी विचारलं नव्हतं. न्यायाधीश स्वतःहून प्रश्न उकरून काढत नाही. कोणी समोर आणला तर बघतो.

मुलीने आवाजाच्या फायलीतला आकडा बदलला. बरोबर आकडा कोणता हे मंचावर कोणालाच ठाऊक नव्हतं. एकेक लावून बघायचा. पुन्हा बटण. पेटी घरघरली, थांबली, खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"परवाना करार," एक बाई शांतपणे म्हणाली. "पुढे जाण्यापूर्वी कृपया काळजीपूर्वक वाचा."

"अगं बाई," आई म्हणाली आणि हातातली भाजी तशीच धरून बाहेर आली.

मुलीने माउस टेबलावरून खर्रकन ओढला.

"थांब. काय करतेस?"

"'सहमत' दाबायचं असतं, बाबा. हे कोणी वाचत नाही."

"मी वाचणार."

यंत्र वाचू लागलं. कलमं वाचली, उपकलमं वाचली, कंस उघडला म्हणून सांगितलं आणि मिटला तेही सांगितलं. बाबा गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. त्या करारालाही असा श्रोता पहिल्यांदाच मिळाला असावा. "हे मघाशी झालं की," आई दोनदा म्हणाली. "होऊ दे," बाबा दोनदा म्हणाले.

"वापरकर्ता ही प्रणाली," बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "केवळ कंपनीने तयार केलेल्या संगणकावरच बसवील."

बाबांची मान थांबली. मुलीने कळफलकावरचं एक बटण दाबून बाईंना गप्प केलं.

"ही पेटी कोणी तयार केली?"

"मी."

"तू कंपनी आहेस?"

"बाबा, काहीतरीच काय."

"साधा प्रश्न आहे."

मुलीने पेटीकडे पाहिलं. तिचं एका बाजूचं दार दात बांधायच्या तारेने बांधलेलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग असहमत."

"असहमत म्हटलं तर ती बंद होईल. परत बोलणार नाही."

बाबांनी हात पुढे करून चाचपत पेटीच्या पाठीवर ठेवला. पेटी गरम होती. त्यांनी हात काढला नाही.

"वाचत मात्र चांगली होती," ते म्हणाले. "एक शब्द सोडला नाही तिने."

आईने भाजी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले आणि माउस स्वतःकडे ओढला. "कुठे दाबायचं गं?"

मुलीने बोटाने दाखवलं. टिक् असा आवाज झाला.

"काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"सहमत म्हटलं."

"अगं, पण ते कलम..."

"कुठलं कलम? माझ्या नाही बाई कानावर आलं." आईचा आवाज अगदी साधा होता. "तुम्हीच सांगत असता ना चार लोकांत, मी गाळते म्हणून."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा साक्षीदार बाबांसमोर कधी उभा राहिला नव्हता. मुलीने हसू दाबत बाईंना पुन्हा बोलतं केलं.

"प्रणाली बसवली जात आहे," बाई म्हणाली. "कृपया प्रतीक्षा करा."

बाबांनी खुर्ची पेटीजवळ सरकवली, शर्टाची कॉलर नीट केली. "हं, बाई," ते म्हणाले, "सावकाश होऊ दे."

आईनेही एक खुर्ची ओढून घेतली. टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र घडी करून पडलं होतं. तिने चष्मा काढला, त्यावर ठेवला, आणि हात मोकळे सोडून ऐकत बसली.